पदव्या भिंतीवर, कीड दाढेत

तीस शब्दांचं एक कार्ड आहे. पहिला शब्द 'शुगर', शेवटचा 'एपिकोएक्टॉमी'. सुरुवातीला 'स्मोकिंग', 'फ्लॉस', 'ब्रश' असे ओळखीचे शब्द भेटतात, मग 'जिंजिव्हा', 'मॅलऑक्लुजन', 'हॅलिटोसिस' अशी चढण लागते. समोरच्याने एकेक शब्द मोठ्याने वाचायचा. उच्चार बरोबर आला की एक गुण. अर्थ माहीत आहे का, हे कुणी विचारत नाही. 2007 साली अमेरिकेत तयार झालेल्या या चाचणीचं नाव 'रील्ड-30'. तोंडाच्या आरोग्याबाबत लोक किती साक्षर आहेत हे मोजायचं ठरलं की बरेच संशोधक आधी हिच्याकडे वळत आले आहेत.

हे कार्ड घेऊन दिल्लीतल्या एखाद्या विद्यापीठात शिरलं तर काय होईल, याचा अंदाज कुणीही बांधू शकतो. इंग्रजीच्या प्राध्यापिका तीसपैकी तीस गुण घेतील. लेखा विभागातले बाबू अर्ध्यावर अडखळतील. फाटकावरचा रखवालदार चार-पाच शब्दांनंतर हसून कार्ड परत देईल. पण तिघांपैकी कुणाच्या हिरड्यांतून रोज सकाळी रक्त येतं आणि ते 'उष्णता वाढली' म्हणून कोण सोडून देतं, याचा त्या गुणांवरून पत्ता लागणार नाही.

विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर प्राध्यापक येतात. ते चालतं मात्र कक्ष अधिकारी, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातले परिचर, शिपाई, वसतिगृहाचे आचारी, माळी, चालक, सफाई कामगार आणि पाळ्यांमध्ये उभे राहणारे रखवालदार यांच्या जिवावर. एकाच आवारात पीएच.डी. झालेली माणसं आणि चौथीत शाळा सुटलेली माणसं एकाच टपरीवरचा चहा पितात. शिक्षण आणि आरोग्य यांचा संबंध तपासायचा तर याहून सोयीची जागा कुठली? दिल्ली आणि आसपासच्या टापूत तर ही सोय दुप्पट आहे, कारण इथल्या बऱ्याच विद्यापीठांच्या आवारातच दंत महाविद्यालय आहे. जामिया मिलिया इस्लामियाची दंतशास्त्र विद्याशाखा 2009 साली सुरू झाली. गुरुग्रामजवळ बुढेड्याला एसजीटी विद्यापीठ, फरीदाबादला मानव रचना, ग्रेटर नोएडाला शारदा, गाझियाबादला संतोष अशी खासगी विद्यापीठांची रांग आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राचा विभाग असतो, तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहायचा असतो आणि प्रश्नावली भरून द्यायला शेजारच्या इमारतीतले कर्मचारी हाताशी असतात. विद्यापीठ कर्मचाऱ्यांच्या मौखिक आरोग्य साक्षरतेचा प्रश्न अभ्यासाच्या टेबलावर येतो तो बहुतांशी या वाटेने. त्यात गैर काही नाही. फक्त उत्तरं वाचताना ही वाट ध्यानात ठेवावी लागते.

आरोग्य साक्षरता ही कल्पना तशी पन्नाशीतली. 1974 साली स्कॉट सायमंड्स यांनी शाळांतल्या आरोग्य शिक्षणाच्या संदर्भात ती मांडली. पुढे 2000 साली डॉन नटबीम यांनी तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येणं. दुसरी, डॉक्टरांना प्रश्न विचारून मिळालेलं उत्तर स्वतःच्या आयुष्याला लावता येणं. तिसरी, आरोग्याबद्दल जे सांगितलं जातं ते पारखून घेता येणं आणि गरज पडली तर व्यवस्थेकडे काही मागता येणं. दातांच्या क्षेत्रात हा विचार पोचायला थोडा वेळ लागला. 2005 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेच्या कार्यगटाने मौखिक आरोग्य साक्षरतेवर संशोधनाची दिशा आखून दिली आणि पाठोपाठ मोजण्याची साधनं निघाली. त्यातलं पहिलं गाजलेलं साधन म्हणजे वरचं कार्ड. ते पहिल्या पायरीच्याही अलीकडे उभं आहे.

आपल्याकडे तर या कार्डाची पंचाईतच होते. इंग्रजीत एखादा अनोळखी शब्द बरोबर उच्चारता आला, तर तो पूर्वी कुठे तरी ऐकला-वाचला असावा असं मानायला जागा आहे. देवनागरीत ते चालत नाही. चौथी पास मुलगाही 'एपिकोएक्टॉमी' अक्षर लावून खणखणीत वाचून दाखवेल. स्पॅनिशमध्ये आरोग्य साक्षरतेची अशीच चाचणी करू पाहणाऱ्यांना हीच भिंत आडवी आली होती, म्हणून 2006 साली त्यांनी प्रत्येक शब्दापुढे अर्थाचा प्रश्न जोडला. तेव्हा दिल्लीत हे कार्ड इंग्रजीत वापरलं तर इंग्रजी मोजलं जातं आणि हिंदीत वापरलं तर अक्षरओळख.

त्यामानाने 2013 च्या सुमारास तेहरानमध्ये तयार झालेली सतरा प्रश्नांची प्रश्नावली बरीच शहाणी आहे. तिच्यात वाचून समजणं आहे, औषध किती वाजता किती घ्यायचं याचा हिशेब आहे, दात काढल्यानंतरच्या सूचना ऐकून लक्षात राहतात का हे पाहणं आहे आणि अमुक झालं तर काय कराल असे निर्णयाचे प्रश्नही आहेत. दात काढल्यावर चूळ भरायची नाही, कापूस अमुक वेळ दाबून धरायचा, हे ऐकून ध्यानात ठेवणं म्हणजे साक्षरतेचा खरा व्यवहार. अंगठा उठवणारा माळीही तो नीट करू शकतो, आणि फोनमध्ये डोकं घातलेला संगणकशास्त्राचा विभागप्रमुख त्यात नापास होऊ शकतो. माझ्या मते आजवरचं सगळ्यात प्रामाणिक साधन मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी प्रौढांबरोबर घडवलेलं 'हेल्ड' हे आहे. ते माणसाला विचारतं: दंतवैद्याकडे जायला वेळ काढू शकता का? पैसे उभे करू शकता का? समजलं नाही तर पुन्हा विचारू शकता का? बरोबर यायला कुणी आहे का? दाताच्या रचनेवर त्यात एकही प्रश्न नाही, आणि दाढ ठणकायला लागल्यापासून दवाखान्याच्या खुर्चीत बसेपर्यंत माणसाचं जे काही होतं ते बहुतेक सगळं त्यात येतं.

या साधनांनी केलेल्या पाहण्यांमधून येणारा नेहमीचा निष्कर्ष असा की शिक्षण आणि पगार वाढला की साक्षरता वाढते. हे सांगायला पाहणी कशाला हवी, असं कुणी म्हणेल. मला त्याहून मोठी अडचण वाटते ती 'कर्मचारी' कुणाला म्हटलं याची. यादी आस्थापना विभागाकडून आली की तिच्यात कायम नोकरीतली माणसंच असतात. गेल्या दोन-तीन दशकांत विद्यापीठांतली सफाई, राखण, बागकाम, खानावळ ही कामं मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेली. ती माणसं रोज त्याच फाटकातून आत येतात, पण त्यांची नावं विद्यापीठाच्या यादीत नसतात. ज्यांच्या तोंडाची अवस्था सगळ्यात बिकट असण्याची शक्यता, तेच मोजणीबाहेर राहिले तर सरासरी गोजिरवाणी दिसणारच. शिवाय 'दिवसातून दोनदा दात घासता का' या प्रश्नाला पांढऱ्या कोटातल्या मुलीसमोर 'नाही' म्हणणारा माणूस विरळा.

शिकलेल्यांनाही नेमकं काय ठाऊक असतं, हे पाहायला टूथपेस्टची ट्यूब हातात घ्यावी. शेवटाला जिथे ती दाबून बंद केलेली असते तिथे एक लहानसा रंगीत चौकोन असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक अधिक औषधी, लाल म्हणजे थोडं रसायन आणि काळा म्हणजे निव्वळ रसायन, हा निरोप प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या गटांवरही. खरं तर कारखान्यात ट्यूब कुठे वळवायची नि कापायची हे यंत्राला कळावं म्हणून तो ठिपका असतो. त्याचा रंग ट्यूबच्या छपाईत जी शाई असेल तो. वाचण्यासारखा मजकूर ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात आहे: फ्लोराइड आहे का, आणि असेल तर किती पीपीएम. आपल्या नियमांनुसार ते 1000 पीपीएमच्या वर जाता येत नाही, आणि दातकिडीला अटकाव करायला साधारण तेवढं लागतंच. बाजारातल्या बऱ्याच 'हर्बल' पेस्टमध्ये ते मुळीच नसतं. कोळशाची काळी पेस्ट महागडी म्हणून चांगली असणार, असं समजणारे सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारेही आहेत.

फ्लोराइडच्या बाबतीत दिल्लीकराची गोची मात्र खरी आहे, आणि ती अज्ञानातून आलेली नाही. गुरुग्राम, फरीदाबाद, नूंह आणि खुद्द दिल्लीच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जादा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी पोटात गेलं की कायमच्या दातांवर पांढुरके-तपकिरी पट्टे उमटतात, आणखी वाढलं तर हाडं धरतात. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांना हे सांगायला नको. एम्समध्ये काम केलेल्या डॉ. ए. के. सुशीला यांनी दिल्लीतूनच फ्लोरोसिसविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली आणि फ्लोराइडच्या पेस्टलाही विरोध केला. म्हणजे इथल्या कर्मचाऱ्याच्या कानावर एकाच शहरातून दोन गोष्टी पडतात: फ्लोराइड विष आहे, आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. नटबीम यांच्या तिसऱ्या पायरीवरची पारख लागते ती इथे. हिशेब अवघड नाही. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. 1000 पीपीएमच्या हिशेबाने तिच्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक आपण थुंकून टाकतो. दीड मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं तर साडेचार मिलिग्रॅम पोटात जातं. पेस्ट बदलून हा दुसरा आकडा हलत नाही, तो विहिरीत आणि बोअरमध्ये आहे. पण कर्मचाऱ्यांच्या आरोग्य शिबिरात असं पाटीवर मांडून दाखवताना फारसं कुणी दिसत नाही. तिथे मोठ्या प्लॅस्टिकच्या जबड्यावर मोठ्या ब्रशने दात घासून दाखवतात आणि पेस्टचा नमुना हातात देतात.

दुसरा घट्ट बसलेला समज हिरड्यांचा. उत्तर भारतातल्या कुठल्याही कार्यालयात दातांचा विषय काढा, पाच मिनिटांत कुणी तरी म्हणणार, "सफ़ाई कराई थी, तब से दाँत हिलने लगे।" पुण्या-नागपुरातही हेच ऐकू येतं, फक्त मराठीत. यात अनुभव खरा आहे, अर्थ उलटा लावला आहे. दातावरचा मऊ थर साफ झाला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो. त्याखाली हिरडी सुजते, हळूहळू खाली सरकते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. पंधरा-वीस वर्षं साचलेलं हे किटण दातांना एकमेकांशी सांधून धरतं. डॉक्टरांनी ते काढलं की आधीच गेलेलं हाड उघडं पडतं, फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं, दात हलतो. माणूस घरी येऊन शेजाऱ्याला सांगतो की डॉक्टरांनी दात खिळखिळे केले. डॉक्टरांनी खुर्चीत बसवण्याआधी हाडाचा एक्स-रे दाखवून दोन वाक्यं बोलली असती तर ही कथा तयार झाली नसती. साक्षरता मोजताना डॉक्टरांच्या बोलण्याची परीक्षा कुणी घेत नाही, हे मला नेहमी खटकतं.

हिरड्यांचा विज्ञानातला मोठा धडा विद्यापीठातल्याच माणसांनी गिरवला आहे. 1965 साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हॅराल्ड ल्यो यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, शिवाय शिकवणारे आणि प्रयोगशाळेतलेही होते. 10 ते 21 दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश सुरू केला आणि आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दंतशास्त्र कोळून प्यायलेल्यांच्या हिरड्यांनीही त्यांच्या ज्ञानाची पर्वा केली नाही.

पण आपल्या विषयाला जास्त लागू पडतो तो ल्यो यांचा पुढचा अभ्यास. 1969 मध्ये त्यांनी ऑस्लोतले 565 विद्यार्थी आणि विद्यापीठीय पुरुष निवडले, आणि 1970 मध्ये श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे 480 पुरुष मजूर. मजुरांना दंतवैद्य माहीत नव्हता, ब्रशही नव्हता. दोन्ही गटांची तोंडं पुढे अनेक वर्षं पुन्हा पुन्हा तपासली. चाळिशीला पोचताना नॉर्वेतल्या माणसाचा दात सरासरी दीड मिलिमीटर आधार गमावून बसला होता, मळ्यावरच्या माणसाचा साडेचार. इथवर अपेक्षेप्रमाणेच. मात्र ऑस्लोचा गट निवडण्याचं कारण त्यांची विद्वत्ता नव्हती. त्या शहरात तिसऱ्या वर्षापासून तरुणपणापर्यंत प्रत्येक मुलाला दरवर्षी बोलावून दात तपासायची नि दुरुस्त करायची व्यवस्था तेव्हा चाळीस वर्षं चालू होती. त्या प्राध्यापकांचे दात शाळेत असतानाच राखले गेले होते. उलट मळ्यावर कुठलीही काळजी न घेता 11 टक्के मजुरांच्या हिरड्यांची सूज पुढे सरकलीच नाही, 81 टक्क्यांचा आजार मध्यम गतीने वाढला आणि 8 टक्क्यांचे दात झपाट्याने गेले. नशिबाचा वाटा एवढा असेल तर दिल्लीतल्या प्रोफेसरसाहेबांचे शाबूत दात पाहून त्यांच्या साक्षरतेला किती श्रेय द्यायचं?

साखरेबद्दल थोडक्यात. सरकारी कार्यालयाप्रमाणे विद्यापीठाचं कार्यालयही चहावर चालतं. अकरा वाजता, जेवणानंतर, चारला, शिवाय कुणी भेटायला आलं की. प्रत्येक गोड घोटानंतर दातावरचे जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. दिवसातून एकदा वाटीभर श्रीखंड खाणाऱ्यापेक्षा दर तासाला गोड चहा-बिस्किटं घेणाऱ्याच्या दातांना धोका जास्त. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे 1940 आणि 50 च्या दशकांत हे सिद्ध झालं. तिथल्या मतिमंदांच्या संस्थेतल्या रुग्णांना जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडवले गेले. नीतीच्या दृष्टीने तो प्रयोग आज कलंक मानला जातो. ज्ञान मात्र तिथूनच आलं, आणि ते इतक्या किमतीचं असूनही लोकांना ठाऊक असतं ते फक्त 'गोड खाऊ नये' एवढंच. 'किती वेळा' हा मुद्दा पोचलेलाच नाही.

तंबाखूकडे आलं की विषयाचं वजन बदलतं. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात दिल्लीत 17.8 टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, हरियाणात 23.6, उत्तर प्रदेशात 35.5, महाराष्ट्रात 26.6. राजधानी परिसर पहिल्या तिन्ही राज्यांत पसरलेला असल्यामुळे नोएडाच्या आवारातला रखवालदार आणि दक्षिण दिल्लीतल्या आवारातला ग्रंथपाल या बाबतीत वेगवेगळ्या देशांत राहतात म्हटलं तरी चालेल. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. कुठल्याही फाटकाबाहेर उभं राहून ही 100 यार्ड मोजून पाहावीत. बारा-बारा तासांची रात्रपाळी करणारा माणूस जागं राहायला गालात काही तरी धरतो, त्याला धोका माहीत नसतो असं नाही. पुडीवर सडलेल्या जबड्याचं चित्र असतं, ते त्याला दिसतं.

माहितीची खरी फट वेगळीकडे आहे. नुसती सुपारी निरुपद्रवी असते हा समज प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सारखाच. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 2003 मध्येच सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलं. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर लगेच दाखवावं, ही एवढीशी खूण निम्म्या आवाराला शिकवायला एक दुपार पुरेल. दुसरी फट तंबाखूच्या दंतमंजनांची. आपल्या आज्यांची मिश्री, पूर्वांचल-बिहारकडच्या माणसांचं गुल. मंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरायला केंद्राने 1992 मध्ये मनाई केली. तरी गुलाची डबी मिळतेच, आणि ती वापरणारा माणूस 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला निर्मळ मनाने 'नाही' म्हणतो. तो दात घासतो आहे!

मिश्रीवरून आठवलं. भारतातला या विषयातला सर्वांत भक्कम पाया महाराष्ट्रात घातला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने, डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांना बरोबर घेऊन, पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडं तपासली. तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच गटाने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम इथल्या तंबाखू वापरणाऱ्या 36,000 लोकांना हाताशी धरलं. दरवर्षी घरी जाऊन तोंड तपासायचं, त्याच माणसाशी त्याच्या भाषेत तंबाखू सोडण्याबद्दल बोलायचं, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. काही वर्षांत तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचं, म्हणजे कर्करोगाच्या पूर्वखुणांचं नव्याने होणारं प्रमाण घटलं. 1986 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. लोकांना अक्कल शिकवून उपयोग नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि एका दिवसाच्या शिबिरात फलक लावून फोटो काढणाऱ्यांनाही.

आता पैसा आणि वेळ. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना 1954 मध्ये दिल्लीतच सुरू झाली. विद्यापीठांनीही आपापली आरोग्य केंद्रं आणि परतफेडीचे नियम केले. कायम कर्मचाऱ्याला दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल यांचा काही ना काही खर्च परत मिळतो. पण कॅप, कवळी, इम्प्लांट आलं की परवानग्या, ठरलेले दर, मूळ बिलं, रुग्णालय यादीत आहे का, असा कागदांचा ढीग सुरू होतो. हा अर्ज बिनचूक भरणं ही मौखिक आरोग्य साक्षरतेची सगळ्यात अवघड परीक्षा, आणि कुठल्याही प्रश्नावलीत ती नाही. खासगी विद्यापीठांत गट विमा असतो, त्यात दातांचे बाह्यरुग्ण उपचार बहुधा वगळलेले. कंत्राटी माणसासाठी कर्मचारी राज्य विमा आहे. ही योजना 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत एकाच वेळी सुरू झाली, आणि 2017 पासून महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू आहे. तिचं दंत महाविद्यालयही दिल्लीत, रोहिणीला आहे. सरकारी दंत रुग्णालयांत सहसा सकाळी नोंदणी, मग रांग, मग पुढची तारीख. रूट कॅनलला तीन-चार खेपा. कायम कर्मचाऱ्याला वर्षाला आठ किरकोळ रजा असतात, अर्धी रजा टाकता येते, साहेबांना सांगून तासभर निसटताही येतं. रोजंदारीवाल्याची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाचा पगार. त्याने तिसऱ्या खेपेऐवजी दाढ उपटून घेतली, तर पाहणी त्याला 'उपचारांबाबत उदासीन' या खान्यात टाकते. मला तो हिशेब पक्का जमलेला माणूस वाटतो.

लंडनमध्ये 1967 साली सुमारे 18,000 सरकारी नोकरांवर सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने दाखवलं की हुद्दा एकेक पायरी उतरला की मृत्यूचं प्रमाण वाढत जातं, आणि त्यात भुकेकंगाल कुणीच नव्हतं. दातांच्या बाबतीतही ही उतरंड पुढे अनेक देशांत दिसली. विद्यापीठात हुद्द्यांची शिडी व्हाइटहॉलपेक्षा लांब आहे. तिच्यावर साक्षरतेचे गुण मांडले की आलेख सुंदर चढतो आणि वाटतं, खालच्यांना शिकवलं की झालं. पण त्याच शिडीवर रजा, पगार, दवाखान्याचं अंतर आणि डॉक्टरांना उलट विचारण्याची हिंमत हेही चढत जातं. एका वेळी काढलेल्या पाहणीतून यातलं काय कशामुळे, हे वेगळं काढता येत नाही. तरी बऱ्याच पाहण्या संपतात त्या 'कर्मचाऱ्यांसाठी जनजागृती कार्यक्रम घ्यावेत' या वाक्याने.

घ्यावेत की. पण दंत महाविद्यालय आवारातच असलेल्या विद्यापीठांना याहून सोपं काही करता येईल. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेच असतात. त्यासाठी महाविद्यालयं आसपासच्या वस्त्यांत गाड्या पाठवतात. फी नाममात्र असते. अडतं ते वेळेवर: खुर्च्या साधारण नऊ ते चार चालू आणि रखवालदार, सफाई कामगार तेव्हा कामावर. पाळी बदलते सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी. त्या वेळी चार खुर्च्या दोन तास चालू ठेवल्या, कंत्राटदाराच्या करारात दंततपासणीची वर्षातली एक पगारी अर्धी सुट्टी लिहून घेतली आणि हजेरीपटावरच्या प्रत्येक माणसाचं तोंड वर्षातून एकदा उघडून पाहिलं, तर प्रबंधासाठीही जास्त खरी सामग्री हाती येईल. पुढच्या प्रश्नावलीत मग दोन प्रश्न नवे घालता येतील. गेल्या वर्षभरात दाढ दुखत असताना किती दिवस कामावर आलात? आणि त्या दिवसांत आवारातल्या दंत रुग्णालयाच्या दारावरून किती वेळा गेलात?